जांघेतले दुखणे अंगावर काढू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. वैद्यकीचा माझा अभ्यास नाही. परंतु माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या दुखण्यात त्यांच्याबरोबर दवाखान्यात राहिले. तेथे डॉक्टरांना विचारविचारून जे कळले, ते आज आपल्यापुढे ठेवते.

आपण समजतो, हाड म्हणजे निर्जीव दगड. तसे नव्हे. हाड जिवंत असते, त्यालाही रक्त लागते. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते खुब्याच्या खोबणीत फिरते. त्याला रक्त पोचविणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्या. चारी बुजली की शेवटचा वाफा आधी वाळतो, तसेच याचे. रक्त तुटले की आतले हाड मरते, आणि अंगाच्या भाराने तो गोळा हळूहळू खचतो.

खुब्याचे हाड मोडणे किंवा सांधा निखळणे, फार दारू, सिकलसेलसारखा रक्ताचा आजार, आणि स्टिरॉइडची औषधे, ही याची मुख्य कारणे. कित्येकदा कारण सापडतही नाही. २०२१ साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अग्रवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले. करोनात त्यांना स्टिरॉइड द्यावे लागले होते. करोनाचे निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांनी त्यांचे खुबे दुखू लागले.

म्हणून स्टिरॉइड वाईट, असे मात्र समजू नका. त्याने करोनात अनेकांचे प्राण वाचले. डॉक्टरांनी दिलेले औषध मनाने एकदम बंद करू नये. पण सांधेदुखीवर कोणी बिननावाच्या पुड्या दिल्या, तर त्या घेऊ नयेत. त्यांत काय असते, हे आपल्याला कळत नाही.

हे दुखणे बहुधा जांघेत सुरू होते. कधी नुसते गुडघ्यातच जाणवते. मांडी घालून बसता येत नाही, पाय लंगडतो. जाऊबाईंना जांघेचे नाव घेण्याची लाज वाटे. त्या गुडघाच दाखवीत, आणि आम्ही तेल चोळीत असू. असे आठ महिने गेले. शेवटी एम.आर.आय. काढला. उजवा गोळा खचला होता; डाव्याची नुकती सुरुवात होती.

उजवीकडे कृत्रिम सांधा बसवावा लागला. डावीकडे हाडाला बारीक भोक पाडून आतला दाब कमी केला, हाड खचू नये म्हणून गोळ्या दिल्या, आणि काही दिवस त्या पायावर भार देऊ दिला नाही. तो खुबा आजवर टिकला आहे. हा उपाय प्रत्येकाला लागू पडतोच असे नाही, पण गोळा खचण्याआधी केला तरच त्याची आशा. जाऊबाई आता काठीवाचून चालतात आणि ओट्याशी उभ्या राहून भाकरी थापतात.

तेव्हा भगिनींनो, जांघेतले दुखणे दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही, तर आपल्या मुखेडच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. जरूर पडल्यास नांदेडला जा. साध्या एक्स-रेत सुरुवातीला काहीच दिसत नाही. एक्स-रे चांगला निघूनही दुखणे राहिले, तर एम.आर.आय.बद्दल विचारा. आणि दुखते कुठे, ते नीट बोट ठेवून सांगा. डॉक्टरांपुढे लाज कसली?