टिंबं, रेघ आणि मुकादमाची वही

मागच्या भागात बोलीतले संवाद कसे लिहायचे ते बोललो. आज त्याच संवादातली तीन चिन्हं घेऊ: तीन टिंबं, लांब रेघ आणि छोटी रेघ. व्याकरणात त्यांना लोपचिन्ह, अपसारणचिन्ह आणि संयोगचिन्ह म्हणतात. नावं विसरलात तरी चालेल. ऐकताना चिन्हं दिसत नाहीत, म्हणून हा भाग ब्लॉगवर वाचाच.

आपल्या बीड जिल्ह्यातली लिहिती पोरं मला कथा पाठवतात. निम्म्या कथांत ऊसतोड असते, आणि असणारच. दसरा-दिवाळी झाली की कोयते कारखान्यांकडे निघतात, गावात म्हातारी माणसं उरतात. पण या कथांत टिंबांचा नुसता पाऊस! दुःख आलं की पाच टिंबं, फार दुःख आलं की नऊ. टिंबं मोजून दुःख वाढत नाही हो. तीनच द्या, आणि जिथं माणूस आपणहून थांबतो तिथंच द्या.

हे बघा. हंगाम संपलाय, हिशेब चाललाय, बाई बोलतेय.

"मुकादम, उचल तर मागल्या साली फिटली व्हती, तरी..."
"वहीत बाकी हाय."

आता तेच शब्द, चिन्ह तेवढं बदललं.

"मुकादम, उचल तर मागल्या साली फिटली व्हती, तरी —"
"वहीत बाकी हाय."

पहिल्यात बाईचा आवाज आपोआप विरला. भीती असेल, वही वाचता येत नसेल, पुढच्या साली याच मुकादमाकडे जायचंय हे आठवलं असेल. दुसऱ्यात ती थांबलेलीच नाही. तिचं वाक्य तयार होतं, मुकादमाने ते मधेच तोडलं. गप्प होणारी बाई आणि गप्प केलेली बाई, या दोन वेगळ्या कथा आहेत. तुमची कुठली, ते तुम्हाला माहीत पाहिजे. रेघ वापरलीत तर तिचं पुढचं वाक्य काय होतं, तेही माहीत पाहिजे. कथेत ते आलं नाही तरी. आणि रेघ दिल्यावर परत 'तिचं बोलणं तोडत मुकादम म्हणाला' असं लिहू नका. रेघेनं ते काम केलंय.

शिवीसाठी टिंबं द्यायची की फुल्या, हा वाद मी आज काढत नाही. मुकादमाची शिवी पूर्ण लिहा, एवढंच म्हणेन.

छोटी रेघ जोडायला असते. नवरा-बायको, दोन-तीन, भाकरी-कालवण. पण 'ऊसतोड' एकच शब्द झालाय, तिथं रेघ नको. खरा घोळ होतो तो लांब रेघेच्या जागी छोटी टाकल्यावर. 'तिला दोनच माणसं ठाऊक होती-भाऊ आणि मुकादम.' यात 'होती' आणि 'भाऊ' एकमेकांना चिकटले, वाचणारा अडखळतो. बहुतेक मोबाइल कीबोर्डवर छोटी रेघ दाबून धरली की लांब मिळते. तिच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. कथाभर एकच पद्धत ठेवा म्हणजे झालं.

कुणी म्हणेल, ही इंग्रजांची चिन्हं. आहेतच. आपल्या अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, कापडावर लिहिलेली. त्या काळच्या लिखाणात फार तर दंड असायचा, मोडीत तर शब्दही सुटे करत नसत. मेजर थॉमस कँडी यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' आलं १८५० साली. पण जुनं लिखाण मोठ्यानं वाचलं जायचं, कुठं थांबायचं ते वाचणाऱ्याला ठाऊक असायचं. तुमची कथा पुण्यात कुणीतरी एकटं, मनात वाचणार आहे. मुकादमानं बाईला कुठं तोडलं, ते त्याला सांगायला तुम्ही शेजारी नसणार.

तर आता जुनी एखादी कथा काढा, टिंबं शोधा, आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: थांबली की थांबवली? पुढच्या भागात अवतरणचिन्हं घेऊ.