वासावरून न कळणारें व्यसन

सुशिक्षित घरांत मुलाविषयीं तंबाखूचा संशय आला म्हणजे त्याची परीक्षा बहुधा एकाच रीतीनें होते. मुलगा बाहेरून आला कीं त्याच्या सदऱ्याचा वास घ्यावयाचा, खिसे चाचपावयाचे, आणि काड्यांची पेटी सांपडली नाहीं म्हणजे निश्चिंत व्हावयाचें. तंबाखू म्हणजे धूर, ही समजूत या परीक्षेच्या मुळाशीं आहे. ती समजूत पूर्वींहि पुरती खरी नव्हती; हल्लीं तर ती मुलाच्या पथ्यावर पडणारी झाली आहे.

ही वनस्पति या देशांत पोर्तुगीजांनीं आणली. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापुराहून परतला, तेव्हां त्यानें बादशहापुढें रत्नजडित हुक्का ठेवला. हकीमानें हरकत घेतली, तरी बादशहानें दोन झुरके घेतलेच. पुढें १६१७ मध्यें जहांगिरानें तंबाखूस मनाई केली. त्या मनाईचें काय झालें हें सांगावयास नकोच. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट एवढीच, कीं दरबारांत ती आली ती रत्नांच्या आवरणांतून आली.

महाराष्ट्रांतील घरांत मात्र तिला रत्नांची गरज लागली नाहीं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावयाची, तिची पूड करावयाची आणि ती दांतांना लावावयाची. हिला मिश्री म्हणतात. दांत घासण्याचें नांव मिळाल्यामुळें तिला व्यसन म्हणण्याचें कोणास सुचलेंच नाहीं, आणि आजीच्या डबींतील पूड नातीच्या बोटाला सहज लागली. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास १९९२ मध्यें बंदी झाली. मिश्री मात्र नाहींशी झाली नाहीं. तिच्यामागून गुटखा आला. सुपारी, कात, चुना व तंबाखू यांस सुवासाची व गोडीची जोड देऊन ती पुडी इतकी स्वस्त केली, कीं खाऊच्या पैशांतून ती सहज घेतां यावी. जुलै २०१२ मध्यें महाराष्ट्र सरकारनें गुटख्यास बंदी केली, तेव्हां विक्रेत्यांनीं पानमसाला एका पुडींत व तंबाखू दुसऱ्या पुडींत घालून दोन्ही एकाच गिऱ्हाइकाच्या हातीं ठेवल्या. येथें जातां जातां सांगितलें पाहिजे, कीं तंबाखू नसलेली सुपारीहि निरुपद्रवी नाहीं. तिनें गालाच्या आंतील त्वचा ताठर होऊं लागली म्हणजे तोंड पुरतें उघडत नाहीं. स्वतःचीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून तोंडांत मावत नसतील तर दंतवैद्याकडे जाण्यास उशीर करूं नये.

२०१९ मध्यें देशांतील शाळांची जी पाहणी झाली, तींत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा ८.५ कोणत्या ना कोणत्या रूपानें तंबाखू घेत असल्याचें आढळलें. धूर नसलेली तंबाखू ज्यांनीं घेतली होती, त्यांचें आरंभाचें मध्यवर्ती वय ९.९ वर्षें निघालें. म्हणजे चौथी-पांचवीचा वर्ग! त्या वयाच्या मुलाच्या सदऱ्याचा वास कोण घेतो?

अशा स्थितींत विजेची सिगरेट, म्हणजे ज्याला मुलें व्हेप म्हणतात तें यंत्र, बाजारांत आलें. आजचें तिचें रूप २००३ मध्यें होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञानें सिद्ध केलें. तींत जाळ नसतो. विजेच्या घटानें एक बारीक तार तापते आणि ग्लिसरिनसारख्या द्रवांत मिसळलेल्या निकोटिनाची वाफ होते. त्या द्रवांत आंब्याचा, पुदिन्याचा, मिठाईचा स्वाद घालतां येतो. यंत्र लेखणीएवढें, आणि वाफ क्षणांत विरून फळाचा मंद वास मागें राहतो. अमेरिकेंत २०१९ मध्यें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा २७.५ मुलांनीं मागील तीस दिवसांत तिचा वापर केल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं भारतांत तिचें उत्पादन, आयात व विक्री कायद्यानें बंद झाली. परंतु चोरटा माल येतच राहिला.

या यंत्राचे पुरस्कर्ते म्हणतात, कीं तींत सिगरेटीचें डांबर नाहीं. हें खोटें नव्हे, आणि वर्षानुवर्षें धूम्रपान करणाऱ्या प्रौढाच्या बाबतींत त्याचा विचार वैद्यांनीं अवश्य करावा. पण ज्या मुलानें सिगरेट कधीं ओढलीच नाहीं, त्याच्या वाफेची तुलना धुराशीं करणें हा केवळ वाक्छल आहे. त्याची तुलना स्वच्छ हवेशींच केली पाहिजे. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चाललेली असते, आणि त्या काळांत निकोटिनाची संवय फार लवकर जडते. ती जडली म्हणजे मुलगा चिडखोर होतो, एका जागीं बसत नाहीं, तासाच्या मध्यें वारंवार बाहेर जाण्याची परवानगी मागतो. पालक त्याचें खापर अभ्यासाच्या ओझ्यावर फोडतात.

२००३ च्या कायद्यानें शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखूची विक्री आणि १८ वर्षांखालील मुलांस ती विकणें या दोहोंस मनाई आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वयें मुलास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते. अपराधी तो देणारा आहे, घेणारें मूल नव्हे. ही गोष्ट घरांत मुलाला आधीं सांगितली, तर त्याचें तोंड उघडण्याचा संभव अधिक. ‘तूं घेतोस का?’ असें विचारणाऱ्या बापाला ‘नाहीं’ हेंच उत्तर मिळावयाचें. ‘तुमच्या वर्गांत हें कोणाकडे असतें, आणि तें कोठें मिळतें?’ असें विचारणाऱ्या आईला बहुधा दुकानाचें नांव कळतें. संवय जडलीच असेल, तर ती सोडण्यासाठीं १८००-११-२३५६ या क्रमांकावर सरकारी सल्ला विनामूल्य मिळतो.