दाढ काढल्यानंतर

जयपूरच्या वैशाली नगरातून आपल्याशी बोलतोय.

फौजेत दातांच्या डॉक्टरांची वेगळी कोअर आहे, १९४१ सालची, आर्मी डेंटल कोअर. त्यामुळे जवानाची दाढ काढणं आम्हाला नवं नाही. ते काम बहुधा काही मिनिटांचं असतं. पुढचं काम शरीर करतं, आणि त्याला काही महिने लागतात.

दाढ निघाली की खड्ड्यात रक्त गोठतं. ही गुठळी म्हणजे हाडावरचं पांघरूण. म्हणून पहिले चोवीस तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात हळूच फिरवायचं. आठवडाभरात गुठळीच्या जागी कोवळं मांस येऊ लागतं आणि साधारण तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटते.

आता सगळं भरलं असं वाटतं, पण आत हाड अजून कच्चंच असतं. खड्डा हाडाने भरायला तीन-चार महिने लागतात, ते पक्कं व्हायला सहा महिने किंवा जास्त. शिवाय दात नसलेलं हाड झिजतं. वर्षभरात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातली बरीच झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. पुढे कृत्रिम दात बसवायचा असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा.

आता मुद्द्याचं. दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढलं, कानापर्यंत कळ गेली, तोंडाला घाण वास आला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असू शकतं. लगेच डॉक्टरांकडे जा.

तंबाखूने हा धोका वाढतो. तिच्यामुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते. आपल्या आई-मावश्या दात दुखला की तीच हिरडीला चोळतात. ताज्या जखमेवर ती चोळली, तर गुठळीच निघून यायची. त्यांना रागावू नका, जवळ बसून समजावा.

आणि दाढ काढण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: मधुमेह आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हाडांच्या ठिसूळपणावर औषध किंवा इंजेक्शन घेता का. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

काळजी घ्या. जय हिंद.