पाहून येणारी शिस्त

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी कर्मचारी, देणगीदार व रुग्णांचे आप्तजन यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणात वर्षभराच्या कामाचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. तो आढावा अहवालात आकडेवारीसह छापला जाणार असल्याने आज आम्ही एका लहानशा गोष्टीविषयी बोलणार आहोत. व्यासपीठावरून एरवी तिचा उल्लेखही होत नाही. ती गोष्ट म्हणजे प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी असलेले हात धुण्याचे बेसिन.

शस्त्रक्रिया उत्तम पार पडावी, चौथ्या दिवशी टाके सुकू लागावेत आणि पाचव्या दिवशी जखमेत पू दिसावा, हा अनुभव जगातील कोणत्याही रुग्णालयाला अपरिचित नाही. वैद्यकीय परिभाषेत त्याला आम्ही जंतुसंसर्ग म्हणतो. घरी नेण्यासाठी पिशवी भरून बसलेल्या कुटुंबाच्या भाषेत त्याचा अर्थ आणखी आठ-दहा दिवसांचा मुक्काम, महागडी प्रतिजैविके आणि सोबतीला थांबलेल्या माणसाची बुडालेली मजुरी असा होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या बाबतीत तर तो जीवनमरणाचाच प्रश्न असतो. हे जंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते बहुतेक वेळा माणसांच्या हातांवरून, आणि ते हात प्रायः मदतीसाठीच पुढे झालेले असतात.

ही गोष्ट आजची नव्हे. १८४७ साली व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे तरुण डॉक्टर प्रसूती विभागात काम करीत होते. तेथे दोन कक्ष होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम पाहत, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने मरणाऱ्या माता कितीतरी अधिक. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच प्रसूतिगृहात येतात, हे सेमेलवाइस यांनी ओळखले आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये त्या कक्षातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १८ च्या वर होते. जूनमध्ये ते शेकडा २.२ वर आणि जुलैमध्ये १.२ वर आले. इतका लख्ख पुरावा समोर असताना जगाने तो शिरोधार्य मानला असेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात अनेक प्रतिष्ठित प्राध्यापकांना आपलेच हात मृत्यूचे वाहक आहेत हे मान्य करणे जड गेले. सेमेलवाइस यांना व्हिएन्ना सोडावे लागले आणि १८६५ साली मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. पुराव्याने बुद्धीला पटते. सवय मात्र दुसऱ्याच कशाने तरी लागते.

कशाने लागते, याचे एक उत्तर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मिळते. एका मोठ्या रुग्णालयाचे स्थलांतर नव्या इमारतीत झाले. नव्या इमारतीत खाटांच्या प्रमाणात बेसिने वाढविली होती. निरीक्षकांनी जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणी हात धुण्याच्या नोंदी केल्या. जुन्या इमारतीत शेकडा ५३ प्रसंगी हात धुतले गेले होते. नव्या इमारतीत हे प्रमाण शेकडा २३ च्या आसपास उतरले. बेसिने वाढली आणि हात धुणे कमी झाले! त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. खोलीत बरोबरीच्या किंवा वरिष्ठ व्यक्तीने हात धुतले नाहीत, तर सोबतच्यांनीही न धुण्याचा संभव फार मोठा होता. देणगीदारांच्या उदारतेतून आपल्याला नळ मिळेल, साबण मिळेल, खाटेच्या पायथ्याशी सॅनिटायझरची बाटलीही मिळेल. पण नळाशी पहिले कोण जाते, हे देणगीतून ठरत नाही.

सकाळचा राउंड ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे ज्येष्ठ डॉक्टर, त्यांच्या मागे निवासी डॉक्टर, मग सिस्टर, शिकाऊ परिचारिका आणि सर्वांत शेवटी ड्रेसिंगची ट्रॉली ढकलणारे वॉर्डबॉय. दिंडीच म्हणावी. पुढचा माणूस बेसिनपाशी थांबला की मागची सारी ओळ थांबते, कोणी काही न सांगता. तो सरळ खाटेकडे गेला की भिंतीवरच्या रंगीत तक्त्याकडे मान वर करून कोणी पाहत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सॅनिटायझरने हात नीट चोळण्यास २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याने धुण्यास ४० ते ६०. तीस खाटांच्या वॉर्डात, एकेका रुग्णामागे अर्धा मिनिट धरले तरी, पंधरा मिनिटे केवळ हातांवर खर्च होतात. आणि बाहेर बाह्यरुग्ण विभागात शंभर माणसे ताटकळत असतात. म्हणून वेळ नाही असे कोणी म्हणतो तेव्हा तो नेहमीच आळशी असतो असे आम्ही मानीत नाही. परंतु ही पंधरा मिनिटे वाचविली, तर ती एखाद्या रुग्णाच्या आठ दिवसांतून वसूल होतात. ज्येष्ठांनी ही पंधरा मिनिटे उघडपणे, सर्वांच्या देखत खर्च केली, तरच कनिष्ठांना ती खर्च करण्याचे धैर्य येते. तेवीस वर्षांच्या निवासी डॉक्टरने आपल्या सरांना खोळंबून ठेवून हात धुवावेत, ही अपेक्षा करणे सोपे आहे, पाळणे महाकठीण.

आणि उदाहरण नेहमी वरूनच खाली येते असेही नाही. रात्रपाळीला काही सिस्टर अशा असतात की त्या वॉर्डात आल्या की दिवे मंद होतात, ट्रॉलीची चाके वाजत नाहीत, बोलणे कुजबुजीवर येते. त्यांनी कोणाला दटावलेले आम्ही ऐकलेले नाही. फरशी पुसून ती सुकेपर्यंत बादली आडवी ठेवून तेथेच उभ्या राहणाऱ्या मावशींना पाहून मोठे डॉक्टरही वळसा घालून जातात. त्या मावशींचे नाव कोणत्याही फलकावर नाही.

महाराष्ट्राला हे शिक्षण नवीन नाही. गाडगेबाबा गावात शिरले की प्रथम खराटा हाती घेत, आणि कीर्तनाला रात्री उभे राहत. दिवसभर आपल्या दारापुढची घाण ज्याने काढली, त्याने रात्री स्वच्छतेविषयी विचारलेला प्रश्न लोकांना टाळता येत नसे. मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या गरीब रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना त्यांच्या नावे चालणाऱ्या मिशनच्या दादरच्या धर्मशाळेचा आधार आजही आहे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी तर रत्नागिरीच्या तुरुंगात मैला साफ करण्याचे काम आपल्याला मिळावे, असा हट्ट धरला. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देण्यास तुरुंगाधिकारी तयार नव्हते. अप्पासाहेबांनी अन्नत्याग केला, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण आरंभिले. छायाचित्रापुरता हाती धरलेला झाडू आणि हा झाडू यांतील अंतर रुग्णालयातील माणसांना चटकन कळते. वर्षातून एकदा कॅमेऱ्यासमोर केलेल्या सफाईने वॉर्ड अधिक अस्वच्छ होतो, असे आमचे मत आहे. कारण उरलेले ३६४ दिवस ते काम कोणाचे, हे त्या दिवशी सर्वांच्या मनात पक्के होते.

विश्वस्त आणि देणगीदार यांच्यापाशी एक विनंती, रागावू नये. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखण्याची योजना उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून राज्यात लागू आहे. नियम कागदावर स्पष्ट आहे. पण शिधापत्रिका पुढे करणाऱ्या म्हातारीला काउंटरवरचा तरुण ‘आजी, बसा’ म्हणेल की ‘उद्या या’ म्हणेल, हे तो नियम सांगू शकत नाही. ते त्याला, ओळखीच्या माणसासाठी आपण फोन करतो की आपल्या घरच्यांना केसपेपरच्या रांगेत उभे करतो, यावरून कळत असते. विश्वस्त रांगेत उभे राहिलेले त्याने एकदा पाहिले की पुढची अनेक वर्षे परिपत्रक काढावे लागत नाही.

आता रुग्णांच्या आप्तजनांसाठी. डिस्चार्ज कार्डावर आम्ही लिहितो: मीठ कमी, तंबाखू बंद, गोळ्या वेळेवर. कार्ड घरी जाते आणि बहुधा देव्हाऱ्याच्या फळीवर विसावते. रक्तदाब असलेल्या आजोबांसाठी वेगळी, अळणी भाजी शिजते. शेजारच्या ताटात पापड, लोणचे, चटणी असते. आजोबा चार दिवस सोसतात, पाचव्या दिवशी लोणच्याच्या बरणीकडे हात जातो, आणि मग घरात भांडण. वास्तविक प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला निरोगी माणसांसाठीही आहे. साऱ्या घराची भाजी एकाच भांड्यात, कमी मिठाची शिजू द्यावी. पथ्य एकट्याचे असले की ती शिक्षा होते. पंगतीचे झाले की ती घराची रीत होते. तसेच तंबाखूचे. बाळाला दम्यासाठी आणणाऱ्या वडिलांनी फाटकाबाहेर विडी पेटवावी आणि आत येऊन पंपाची किंमत विचारावी, हे दृश्य पाहताना आम्हांला राग येत नाही, वाईट वाटते. कारण तो बाप लेकरासाठी रात्रभर जागलेला असतो. त्याच्या विडीच्या धुराने बाळाचा दम बळावतो हे खरेच, शिवाय दहा वर्षांनी तेच पोर बापाच्या खिशातून काडेपेटी उचलणार असते.

कोविडच्या साथीत, २०२० साली, प्रत्येक दुकानाच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली आली होती. त्यांपैकी पुष्कळ बाटल्या आता कोरड्या पडल्या आहेत. भीतीने लागलेली सवय भीतीबरोबर गेली. ज्या घरांत आई बाहेरून आली की आधी मोरीकडे वळते, त्या घरांतील मुले मात्र आजही दप्तर टाकून आधी हात धुतात.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही दोन गोष्टी ठरविल्या आहेत. राउंडच्या वेळी सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीने सर्वांत आधी हात स्वच्छ करावेत, आणि विश्वस्तांनी वॉर्डाला भेट देताना हाच क्रम पाळावा. दुसरी अशी की, रुग्णाने किंवा नातेवाइकाने ‘डॉक्टर, हात धुतलेत का?’ असे विचारल्यास तो प्रश्न उद्धटपणाचा मानला जाणार नाही. त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य राहील. आमच्याकडे इतकी वर्षे येणाऱ्या वडीलधाऱ्यांना असे विचारणे अवघड वाटेल, हे आम्ही जाणतो. म्हणून आरंभी हा प्रश्न सिस्टरांनी रुग्णादेखत डॉक्टरांना विचारावा, असे ठरले आहे.

चहापानाची व्यवस्था बाहेरच्या व्हरांड्यात केली आहे. दारातून बाहेर पडताच डाव्या हाताला बेसिन आहे, साबण ठेवलेला आहे. अध्यक्ष महोदयांनी पुढे व्हावे, अशी विनंती करून आम्ही आपला निरोप घेतो.