धायटी



चालकांनी 'वसंतातले एक रानफूल' हा विषय दिला, तेव्हा पुष्कळांना वाटले असेल की मी पळसावर बोलणार. पळसाचा थाट मोठा, त्याला कवींचा आश्रयही मोठा. मी मात्र त्याच्या शेजारणीची बाजू घेऊन उभा आहे. तिचे नाव धायटी. आपल्यापैकी किती जणांनी धायटी पाहिली आहे, असे विचारले तर चार-दोन हात वर होतील. पण कुमारीआसव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट यांपैकी एखादी बाटली ज्यांच्या घरी कधीच आली नाही, असे घर मात्र क्वचित सापडेल. या सगळ्यांच्या पाठांत धायटीचे फूल आहे. ती आपल्या फडताळात आहे. डोंगरावर मात्र आपण तिला ओळखत नाही.

हे झाड नव्हे, झुडूप आहे. पुरुषभर उंचीचे, कधी थोडे अधिक. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर, विरळ रानात, ओढ्याकाठच्या खडकांत ते उगवते. थंडी सरू लागली की फांदीच्या अंगालगत फुलांचे घोस येतात आणि पानांआधी फुलेच नजरेत भरतात. फूल म्हणजे बोटाच्या पेराएवढी किंचित वाकडी नळी, लाल-केशरी रंगाची. गंमत अशी की, हा रंग पाकळ्यांचा नाही. पाकळ्या अगदी बारीक, शोधाव्या लागतात. रंग आहे तो बाहेरच्या पुष्पकोशाचा, म्हणून फूल वाळले तरी लाली बरीचशी टिकते. नळीत मध असतो. त्यासाठी मधमाश्या येतात, शिंजीर येतो आणि डोंगरावरची गुराखी पोरेही येतात. मेंदी, डाळिंब आणि आपले राज्यपुष्प तामण ही सगळी तिची भावंडे, एकाच कुळातली. संस्कृतात तिला धातकी म्हणतात, ताम्रपुष्पी म्हणतात, वह्निज्वालाही म्हणतात. या शेवटच्या नावाकडे मी पुन्हा येईन.

आता आसवांविषयी. चरकसंहितेत चौऱ्यांशी आसवे मोजली आहेत; त्यांतली दहा फुलांची. त्या दहांत कमळाच्या जातीच अधिक, पण मोह आहे आणि धातकीही आहे. पुढे मात्र धातकी केवळ आपल्या आसवापुरती राहिली नाही, ती दुसऱ्यांच्या आसवांत विरजणासारखी पडू लागली. काढा, गूळ आणि धायटीची फुले तूप चोळलेल्या मडक्यात घालायची, तोंड कपडमातीने बंद करायचे आणि मडके धान्याच्या राशीत महिनाभर पुरून ठेवायचे. नुसता काढा असता तर चार दिवसांत आंबून फुकट गेला असता. इथे गुळाच्या साखरेचे थोडेसे मद्य होते, साधारण शेकडा ५ ते १०, आणि त्या मद्यात औषध टिकते.

आमच्या गावच्या वैद्यबुवांकडे मी लहानपणी हरकाम्या होतो. एकदा त्यांनी फुले निवडायला सांगितली. मी शहाणपणा करून ती दोन पाण्यांनी स्वच्छ धुतली. बुवा कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, तू तिचा जीवच धुऊन टाकलास की!" मला तेव्हा काही कळले नाही. पुढे वनस्पतिशास्त्र शिकलो तेव्हा उलगडा झाला. फुलातल्या मधावर रानटी यीस्ट, म्हणजे किण्व, वाढते आणि वाळलेल्या फुलाबरोबर मडक्यात उतरते. शिवाय फुलात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असते. बुवांना किण्व ठाऊक नव्हते, पण आंबणे संपले की नाही ते ते मडक्याला कान लावून सांगत. आत चुळबुळ ऐकू आली तर "अजून बोलते आहे" म्हणत. मग जळती काडी तोंडाशी धरीत. ती विझली तर मडके पुन्हा बंद. आतला कार्बन डायऑक्साइड ज्योत विझवतो, हे मी शाळेत नंतर शिकलो. आज काही कारखान्यांत तयार यीस्ट वापरतात; त्याला माझा आक्षेप नाही. अतिसारावर ताकाबरोबर धायटीचे चूर्ण देण्याचीही जुनी रीत आहे. पण हे ऐकून कोणी घरी प्रयोग करू नये. मी वैद्य नाही.

हे तुरट द्रव्य रंगाऱ्यांनाही हवे असे. फुलांचा रंग रेशमावर चढे आणि आलाच्या मुळीने कापड लाल रंगवताना धायटी जोडीला घेत. १८६८ साली जर्मनीत अलिझरीन प्रयोगशाळेत तयार झाले आणि पुढे आलाचा धंदा बसला. त्याबरोबर धायटीचे हे गिऱ्हाईकही गेले. वैद्यकाचे गिऱ्हाईक उरले आहे.

आणि तिथेच माझी काळजी आहे. हे फूल वजनाला फुलकेच. दिवसभर वेचावे तेव्हा टोपली भरते, वाळल्यावर तिचे वजन आणखी घटते. भाव मिळतो तो किलोला. मग घाई होते, आणि फूल खुडण्याऐवजी फांदीच मोडून झोडपतात. मी एका ठाकर आजीबरोबर दोन सकाळी डोंगरावर हिंडलो. ती फांदी वाकवी, मुठीने फुले ओरबाडी आणि शेंड्याकडची तशीच ठेवी. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "पाखरांना नको का?" २००६ च्या वनहक्क कायद्याने असल्या गौण वनोपजावर वनवासींचा मालकीहक्क मान्य झाला आहे. ज्या गावात तो हक्क कागदावरून रानात उतरतो, तिथे फांद्या मोडण्याला आळा बसेल असे मला वाटते. आपले रान कोण मोडील?

दुसरे संकट आपल्या शहराच्या वेशीवरचे आहे. धायटी फुलते त्याच दिवसांत टेकड्यांवर वणवे लागतात. कोणी गवत चांगले यावे म्हणून लावतो, कोणाची विडी पडते. वह्निज्वाला नावाच्या फुलावर खरीच ज्वाला! खोड जळाले तरी बुंध्यातून ती पुन्हा फुटते, इतकी चिवट आहे. पण त्या वर्षीची फुले आणि बी गेले ते गेलेच.

आता वैशाखात फुलोरा ओसरला आहे, म्हणून वाळलेली फुले आणली आहेत. व्याख्यान सुरू करताना मी ती या पेल्यात गरम पाण्यात टाकली होती. पाणी तांबूस झालेले पुढच्यांना दिसत असेल. आता त्यात हिराकसाचा हा खडा टाकतो. पाहा, शाईसारखे काळे झाले. हे त्या तुरट द्रव्याचे काम. पेला मागे फिरवतो; पिऊ मात्र नका. कोरडी फुले टेबलावर आहेत, ती हातात घेऊन पाहायला हरकत नाही.