न बसणारा गाळ

(नवी मुंबईत दिलेल्या एका व्याख्यानाचे शब्दांकन)



पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवणारी आजी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. चार-दोन वेढे द्यायचे आणि हंडा झाकून ठेवायचा. सकाळी गाळ तळाशी आणि वर नितळ पाणी. आजच्या विषयाचे नाव मोठे भारदस्त आहे : पाण्यातून अब्जांश कण वेगळे करण्याच्या पद्धती. परंतु त्यातील निम्मे शास्त्र त्या हंड्यातच आहे.

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना अब्जांश कण म्हणतात. माणसाचा केस सुमारे ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. हे कण आता कारखान्यांपुरते राहिलेले नाहीत. उन्हापासून रक्षण करणाऱ्या मलमांत टायटॅनियम डायऑक्साइड असते. घामाचा वास येऊ नये म्हणून काही मोज्यांत चांदी घातलेली असते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली असे मोजे साध्या पाण्यात धुऊन पाहिले, तेव्हा काही मोज्यांतील जवळजवळ सारी चांदी मोजक्या धुण्यांतच निघून गेली. ती गेली कुठे? मोरीतून गटारात.

गाळ आपोआप बसतो, मग हे कण का बसू नयेत? थोडा हिशेब करू. बारीक वाळूचा, एक दशांश मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला सुमारे दोन मिनिटे घेतो. त्याच वाळूचा एक सहस्रांश मिलिमीटरचा कण सुमारे तेरा दिवस घेतो. आणि दहा नॅनोमीटरचा? सुमारे साडेतीनशे वर्षे! म्हणजे १६७४ साली, रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला त्या वर्षी पाण्यात सोडलेला कण आज कुठे तळाला टेकत असता. हाही केवळ कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात पाण्याचे रेणू त्याला सतत धक्के देत राहतात, त्यामुळे तो कधी बसतच नाही.

एकट्या कणाचे हे असे. परंतु कण एकत्र आले तर? येथे अडचण विद्युतभाराची आहे. पाण्यातील बहुतेक कणांच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. हा भार नाहीसा केला की ते चिकटतात, गुठळ्या होतात आणि गुठळी जड असल्यामुळे खाली बसते. येथे जमलेल्या भगिनी हा प्रयोग घरी नित्य करतात. दूध पंचातून गाळा, सारेच्या सारे खाली उतरेल. त्यात लिंबू पिळा. आम्लाने दुधातील केसिनच्या कणांचा भार मारला जातो, दूध फाटते आणि तोच पंचा आता पनीर अडवून धरतो. पंचा बदलला नाही, कण बदलले. तुरटीतील ॲल्युमिनियमचा तिहेरी धन भार पाण्यातील कणांवर हेच काम करतो.

निसर्गही हेच करतो. ओहोटीच्या वेळी वाशीच्या पुलावरून दिसणारा तो अथांग चिखल आठवा. नदीच्या गोड्या पाण्यात तरंगत आलेले मातीचे सूक्ष्म कण खाडीच्या खाऱ्या पाण्याला भेटले की क्षारांमुळे त्यांच्यातील दुरावा संपतो आणि ते गोळा होऊन बसू लागतात. खाडीकाठच्या दलदलीत आणि कांदळवनात या क्रियेचा मोठा वाटा आहे.

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याची सात साधने सांगितली आहेत; त्यांत कतक, म्हणजे निवळीचे बी आहे आणि साधे कापडही आहे. आपल्या पूर्वजांना अब्जांश तंत्रज्ञान अवगत होते, असे मी यावरून म्हणणार नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले होते, एवढे पुरेसे आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात तर, कतकाचे फळ पाणी निवळते खरे, पण केवळ त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, अशी समज दिलेली आहे. पूर्वजांचा नुसता जयघोष करणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी.

आता आपल्या शहराकडे येतो. महानगरपालिकेने केंद्राच्या अमृत योजनेतून ऐरोली आणि कोपरखैरणे येथे प्रत्येकी दररोज दोन कोटी लिटर क्षमतेची तृतीय स्तरीय शुद्धीकरण केंद्रे उभारली. शुद्ध केलेले सांडपाणी तेथून औद्योगिक क्षेत्राला देण्याची ही योजना आहे. त्यांत अल्ट्राफिल्ट्रेशनचे पटल वापरले जाते. अशा पटलाची छिद्रे साधारणतः दहा ते शंभर नॅनोमीटरची असतात. त्याहून लहान कण एकटा आला तर निसटू शकतो. म्हणून आधी गुठळी, मग गाळणी, हा क्रम महत्त्वाचा. खाडीपलीकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच तत्त्वावर विजेविना चालणारी घरगुती गाळणी विकसित केली आहे. 'आरओ'चे पटल याहून कितीतरी बारीक, ते जवळजवळ सारेच अडवते. पण त्याला दाब लागतो आणि बरेच पाणी वाया जाते. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहेत, तेथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले ते याच कारणाने.

आणखी एक पद्धत मला फार आवडते. २००६ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात चुंबकीय लोहखनिजाचे बारा नॅनोमीटरचे कण पाण्यात सोडून त्यांवर आर्सेनिक चिकटवले आणि मग साध्या चुंबकाने ते कण ओढून घेतले. तेथे अब्जांश कण हा मळ नव्हे, झाडू होता.

या साऱ्या पद्धतींबाबत एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. पाण्यातून काढलेला कण नाहीसा होत नाही. सांडपाणी केंद्रात बहुतेक कण जिवाणूंच्या गुठळ्यांना चिकटतात आणि गाळात जातात. चांदीचे तेथे गंधकाशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड होते, ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि पुष्कळसे निरुपद्रवी असते. टायटॅनियम डायऑक्साइड मात्र तसेच राहते. तो गाळ खत म्हणून शेतात गेला, तर कणही शेतात गेले.

कधी अशा केंद्राला भेट द्याल, तेव्हा नितळ पाण्याचा पेला तुम्हाला कौतुकाने दाखवला जाईल. तो जरूर पाहा, कौतुकही करा. मग मागच्या बाजूला, जेथे गाळ पिळून गाडीत भरतात तेथे जा आणि विचारा : ही गाडी कुठे जाते, आणि तिच्यात काय काय आहे हे कोणी मोजले आहे का?