वाढती वस्ती आणि कांदिवलीचे पाणी

लोकसंख्येचा प्रश्न निघाला की इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थस याचा १७९८ सालचा सिद्धान्त हटकून आठवतो. माणसे गुणाकाराने वाढतात आणि अन्न बेरजेने. सबब उपासमार टळणे नाही, असे त्याचे म्हणणे. पुढे शेती सुधारली, कुटुंबे लहान झाली आणि हा हिशेब पुष्कळ देशांत चुकला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा त्यांच्या वाट्यास उपहासच आला. आज महाराष्ट्रात दर स्त्रीमागे सरासरी दोनांहून कमी मुले आहेत. मग टंचाईची ओरड का थांबत नाही? या कोड्याचा उलगडा कांदिवलीसारख्या एका उपनगराकडे पाहिल्यास बराच होतो.

या गावाला निसर्गाने काही कमी दिले नव्हते. पूर्वेस डोंगर व दाट वन, पश्चिमेस खाडी व तिवरांचे रान. मध्ये पोयसर, आकुर्ली, चारकोप ही गावे. आणि डोंगरातून उतरून खाडीस मिळणारी पोयसर नदी. या ठेवीतील पहिला मोठा खर्च मुंबईसाठी झाला. १९२० च्या दशकात बॅकबेचा समुद्र हटविण्याकरिता येथील टेकडी खणून तिचा मुरूम व दगड आगगाडीने तिकडे नेण्यात आला. शहराला जमीन मिळाली. कांदिवलीची टेकडी गेली.

पुढे १९५७ साली हा भाग बृहन्मुंबईत आला आणि शेतांच्या जागी घरे उभी राहिली. आजच्या हद्दीतील मुंबईची वस्ती १९५१ साली सुमारे ३० लक्ष होती. २०११ साली ती १ कोटी २४ लक्ष झाली. पैकी सुमारे ७ लक्ष माणसे, म्हणजे एका मोठ्या शहराइतकी, एकट्या कांदिवलीच्या पालिका विभागात होती. मात्र २००१ ते २०११ या दहा वर्षांत सबंध मुंबईत पाच लक्षांहूनही कमी माणसे वाढली. तेव्हा केवळ डोकी मोजून हा प्रश्न सुटावयाचा नाही.

आता पाण्याचा विचार करू. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे जवळच्या डोंगरांतील तलाव आज शहराची अगदी थोडी तहान भागवितात. बाकीचे पाणी तानसा, वैतरणा व भातसा या नद्यांवरील धरणांतून, दूरच्या डोंगराळ मुलुखातून येते. परंतु ही धरणे ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तेथील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या काठची बाई हंडा घेऊन उभी आणि शंभर किलोमीटरांवरील नळ वाहता, याला संपत्तीची व्यवस्था म्हणता येईल काय?

शहरातही वाटणी सारखी नाही. पालिकेच्या मापाप्रमाणे इमारतीत माणशी सुमारे १३५ लिटर पाणी, तर झोपडवस्तीत ४५ लिटर. ठाकूर व्हिलेजमधील उंच इमारत आणि डोंगराच्या पायथ्याची दामूनगरची वस्ती यांत अंतर थोडे; माप मात्र तिप्पट. शिवाय रोज येणाऱ्या सुमारे ३८५ कोटी लिटर पाण्यापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक पाणी गळती, चोरी व बेहिशेबी वापर यांत जाते. गारगाई नदीवर जे नवे धरण योजिले आहे, त्यापासून रोज ४४ कोटी लिटर मिळावयाचे आहे आणि त्यापायी लक्षावधी वृक्ष व काही आदिवासी गावे यांवर पाणी फिरणार आहे. बेहिशेबी जाणारे पाणी याच्या दुपटीहून जास्त आहे, हे सुज्ञांनी ध्यानात घ्यावे.

आणि दारची पोयसर? तिला आपण नाला करून टाकले. काठ आवळले, सांडपाणी सोडले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा हीच नदी घराघरांत शिरली. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीस बंदी केली. कारण भरतीचे पाणी आवरणारा तो खाडीकाठचा बांध आहे.

तात्पर्य, माणसे वाढली हे खरे. पण त्यांच्या वाढीहून आपली बेपर्वाई अधिक महाग पडत आहे. छपरावरचे पावसाचे पाणी साठविण्याची सक्ती मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना २००२ पासून आहे. ती व्यवस्था आपल्या इमारतीत चालू आहे की नुसती कागदावर आहे, हे प्रत्येक बिऱ्हाडाने येत्या मृगापूर्वी पाहावे. गळती दिसताच ती पालिकेस कळवावी आणि दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. नवे धरण मागण्याचा अधिकार त्यानंतरचा.